जुन्या गोव्यांतील बॉम जीझस चर्च : एक पाहण्याचा पाठ

विद्यार्थिमित्रहो, एखादी भव्य इमारत पाहून "वा, किती सुंदर!" असा उद्गार काढणें सोपें आहे. परंतु ती कोणत्या दगडाची, कोणाच्या हातची, आणि आज आपणांस दिसते तशीच ती बांधणारांस दिसत होती काय, असें विचारणें तितकें सोपें नाहीं. ही संवय लागावी म्हणून आज आम्ही जुन्या गोव्यांतील बॉम जीझस या सुप्रसिद्ध यात्रास्थानाचें वर्णन करीत आहों. त्यांतील एका गोष्टींत आम्ही स्वतः कसे फसलों होतों, तेंहि ओघानें येईलच.

'बॉम जीझस' या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ 'चांगला येशू' असा असून त्यांनीं येथें बाल येशू सूचित होतो. येशुसंघाच्या धर्मगुरूंनीं या चर्चचा पाया १५९४ सालीं घातला व १६०५ सालीं आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांच्या हस्तें त्याचें समर्पण झालें. याच काळांत येशुसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर स्टीफन्स गोव्यांत राहत होते. त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापून निघालें. दगडाचें हें काम आणि आपल्या भाषेंतील तें काम एकाच पिढीचें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

प्रथम दर्शनी भाग पाहूं. खालीं तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन वाटोळ्या खिडक्या, आणि सर्वांच्या वर एक चौकोनी शिरोभाग, अशी ही चढती रचना आहे. नजर पायरीपायरीनें वर जाते व शिरोभागावर कोरलेल्या येशूच्या नामाक्षरांवर स्थिर होते. तें येशुसंघाचें चिन्ह होय. घंटेचा मनोरा पुढें नसून मागील बाजूस आहे, त्यामुळें या चढत्या रेषेस कोठेंहि अडथळा येत नाहीं.

इमारतीचा मुख्य दगड म्हणजे कोंकणांत सर्वत्र आढळणारा जांभा. खाणींतून काढतांना तो मऊ असतो व हवा लागतां लागतां टणक होतो. पण त्याच्या अंगीं छिद्रें फार, म्हणून त्यावर बारीक नक्षी टिकत नाहीं. यास्तव दर्शनी भागांतील कोरीव कामासाठीं काळा कठीण दगड वसईहून आणविला. वसई त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. अर्थात् गोव्याच्या या कीर्तिमंदिरांत आपल्या महाराष्ट्राचाहि दगड आहे.

आंत गेल्यावर सुमारें १८३ फूट लांब व ५५ फूट रुंद असें एकच विस्तीर्ण दालन दिसतें. मध्यें खांबांच्या रांगा नसल्यामुळें सर्वांस उपदेश ऐकूं यावा व वेदी दिसावी, हा हेतु साधतो. उजव्या हातच्या भिंतीस लागून कोरीव लांकडी व्यासपीठ आहे. त्यावर येशू, चार शुभवर्तमानकार व चार धर्मपंडित यांच्या आकृती आहेत. तळाशीं सात आकृती अशा कोरल्या आहेत कीं, जणूं त्यांनींच तो सारा भार उचलून धरला आहे. समोरची मुख्य वेदी जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी मुलाम्यानें झळकते. तेथें बाल येशूची लहान मूर्ति असून तिच्यावर येशुसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ति आहे. त्यांची दृष्टि ऊर्ध्व असून ती येशूच्या नामाक्षरांकडे लागली आहे. बाहेर दगडानें जें सांगितलें, तेंच आंत लांकडानें व सोन्यानें पुनः सांगितलें आहे.

यात्रेकरूंचे पाय मात्र वळतात ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीकडे. ते १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावले. पुढें १५५४ सालीं त्यांचा देह गोव्यास आणला व १६२२ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांचे अवशेष ज्या रुप्याच्या पेटींत आहेत, ती १६३७ च्या सुमारास गोव्याच्याच कारागिरांनीं घडविली. तिच्यावर संतांच्या चरित्रांतील प्रसंग कोरले आहेत. तिच्या खालची संगमरवरी बैठक टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांची देणगी. फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांनीं ती केली, व ती जहाजानें येऊन १६९८ सालीं येथें उभी राहिली. तिच्या चारी बाजूंस काशाचे फलक आहेत. गोव्याचा सोनार आणि इटलीचा शिल्पकार यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं, तरी दोघांचें काम एकावर एक शोभतें! दर दहा वर्षांनीं हे अवशेष दर्शनासाठीं बाहेर ठेवितात. २०२४ च्या नोव्हेंबरांत आरंभ झालेल्या दर्शनाची सांगता २०२५ च्या जानेवारींत झाली.

आतां आमच्या चुकीविषयीं. आमच्याबरोबर तेथें आलेल्या मुलांस सर्वांत अधिक आवडला तो बाहेरील उघडा तांबडा दगड. "जुन्या लोकांनीं किती साधेपणानें बांधलें आहे!" असें एकजण म्हणाला. तो दोष त्याचा नव्हे. आम्हीं स्वतः वर्गांत कित्येक वर्षें असेंच शिकविलें होतें. वस्तुस्थिति अशी कीं, हें चर्च मूळचें चुन्याच्या गिलाव्यानें झांकलेलें होतें. १९५० नंतरच्या दशकांत, इमारत अधिक प्राचीन दिसावी या विचारानें, तो गिलावा काढून टाकण्यांत आला. गिलावा हा केवळ शृंगार नव्हता; कोंकणच्या मुसळधार पावसांत सच्छिद्र जांभ्याचें तें पांघरूण होतें. तें गेल्यापासून पाऊस थेट दगडावर पडतो व दगड हळूहळू झिजतो. याविषयीं अलीकडे पुष्कळांनीं चिंता व्यक्त केली आहे. पुनः गिलावा करावा, तर लोकांच्या डोळ्यांत भरलेलें तांबडें रूप जाणार. न करावा, तर दगडच जाणार. जाणत्यांनीं याचा निर्णय करावा. परंतु जें रूप आपणांस आवडतें तेंच खरें, असा हट्ट मात्र कोणीं धरूं नये.

मुलांनो, परत आल्यावर आम्हीं त्या वर्गास आपली चूक सांगितली. शिक्षकास हें जड जातें. पण चारशें वर्षें उभ्या असलेल्या इमारतीविषयीं खोटें शिकवीत राहण्यापेक्षां तें पुष्कळ हलकें आहे. तुम्हीहि गांवांतील देऊळ, मशीद, चर्च किंवा जुना वाडा पाहाल, तेव्हां तीन प्रश्न विचारा : हा दगड कोठला? हात कोणाचे? आणि मधल्या काळांत यांतून काय काढलें गेलें? उत्तर मिळेपर्यंत डोळ्यांवर पूर्ण विश्वास टाकूं नका.