पहिलीच्या आधी घरची शाळा : वाचन आणि गणिताची पूर्वमशागत

पेरणीपूर्वी आपण नांगरट करतो, वखराच्या पाळ्या देतो, धसकटे वेचतो. मशागत नीट झाली नाही तर चांगल्या बियाण्याचीही उगवण विरळ होते. मुलांच्या शिक्षणाचेही असेच आहे. पहिलीच्या वर्गात अक्षरे आणि अंक पेरले जातात. परंतु त्यासाठी लागणारी मशागत ४ ते ६ वर्षे वयात झालेली असावी लागते. ती राहून गेली तर मूल पहिलीतच मागे पडते आणि पुढे प्रत्येक इयत्तेत हे अंतर वाढत जाते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे वयाचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा उद्देश तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे हिशेब करता यावेत, हा आहे. मात्र अंगणवाडीत किंवा बालवाडीत मूल दिवसातील काही तासच असते. बाकीचा वेळ ते घरात, गोठ्यात आणि शेतात घालवते. त्या वेळेचा उपयोग पालकांनीच करावयाचा आहे.

"आम्हीच फारसे शिकलो नाही, मुलाला काय शिकवणार?" असे अनेक पालक म्हणतात. परंतु या वयात पुस्तकी शिकवण्यापेक्षा बोलणे, ऐकणे, हाताळणे आणि मोजणे यांची गरज अधिक असते. या गोष्टी शेतकऱ्याच्या घरात भरपूर आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातील वस्तू वापरल्या. त्या आणि अनुताई वाघ यांचे हे काम पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बहरले. त्यांनी तेथे जे केले ते आपल्या अंगणातही करता येते.

मोजणे म्हणजे पाठांतर नव्हे

पाहुण्यांसमोर मूल एक ते शंभर अंक घडाघडा म्हणून दाखवते आणि आपल्याला समाधान वाटते. अंकांचा क्रम पाठ असणे चांगलेच; पण त्यावरून मुलाला मोजता येते असे समजू नये. त्यासाठी पुढील साधी परीक्षा घ्यावी.

१) मुलासमोर ७ चिंचोके मांडून मोजायला सांगावे. प्रत्येक चिंचोक्यावर एकदाच बोट ठेवून एकच अंक म्हणतो का, की बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे चालते, हे पाहावे.

२) मोजून झाल्यावर "मग किती झाले?" असे विचारावे. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले तर शेवटचा अंक हा सगळ्या चिंचोक्यांची संख्या सांगतो, हे त्याला अजून उमगलेले नाही असे समजावे.

३) तेच चिंचोके दूर दूर पसरून "आता जास्त झाले का?" असे विचारावे.

४) ढिगातून "मला ५ दे" असे सांगावे. मूठभर आणून दिले तर सराव हवा आहे.

चुकले म्हणून रागावू नये. वस्तू एकेक करून बाजूला सारत मोजायला लावावे. आधी ५ पर्यंत, मग १० पर्यंत आणि ते पक्के झाल्यावर २० पर्यंत जावे. दहापर्यंतची पक्की समज ही शंभरपर्यंतच्या पाठांतरापेक्षा पुढे अधिक उपयोगी पडते.

घरकामातून गणित

स्वयंपाकघर : "आज जेवायला ५ माणसे आहेत, तेवढी ताटे मांड" असे सांगावे. एका माणसामागे एक ताट ही जोडी लावण्यातूनच संख्या समजते. शेंगदाण्याच्या लाडवांची दोघा भावंडांत सारखी वाटणी मुलाकडूनच करून घ्यावी.

धान्याची मापे : घरात जुनी मापे असतील तर ती खेळायला द्यावीत. २ चिपट्यांचे १ मापटे आणि २ मापट्यांचा १ शेर होतो, हे मूल ज्वारी ओतून स्वतः पाहील. मापे नसतील तर लहान-मोठे तांबे आणि पाणी चालेल. कशात जास्त मावेल, हे आधी अंदाजाने सांगायला लावून मग ओतून पाहावे.

गोठा : संध्याकाळी शेळ्या परतल्या की मोजायला सांगावे. "सकाळी ६ गेल्या, आल्या ५. किती राहिल्या?" हा प्रश्न मुलाला खराखुरा वाटतो, कारण शेळी खरोखरच शोधायची असते.

उगवणक्षमता चाचणी : खरिपापूर्वी घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण आपण तपासतो. ओल्या गोणपाटावर १० बियांच्या १० ओळी मांडताना एक ओळ मुलाला मांडू द्यावी. सहा-सात दिवसांनी गोणपाट उलगडल्यावर "या ओळीत किती उगवल्या? किती राहिल्या?" असे विचारावे. ७ आणि ३, ८ आणि २, ६ आणि ४ अशा दहाच्या जोड्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतात. पुढे बेरीज-वजाबाकीत याच जोड्या कामाला येतात. आपल्यालाही हिशेब मिळतो : शंभरांपैकी ७० किंवा त्याहून अधिक बिया उगवल्या तर बियाणे पेरणीयोग्य असते.

दक्षता : चाचणीसाठी व खेळासाठी बीजप्रक्रिया न केलेलेच बियाणे वापरावे. पाकिटातील रंग लावलेले कपाशीचे किंवा इतर बियाणे मुलाच्या हाती कधीही देऊ नये. घरात तीन वर्षांखालील मूल असल्यास बिया, चिंचोके उघड्यावर ठेवू नयेत. ते नाकात, कानात किंवा तोंडात घातले जाण्याचा धोका असतो.

मराठी अंकांची एक अडचण

मराठीत ३२ ला आपण 'बत्तीस' म्हणतो. ऐकताना आधी दोन आणि मग तीस येते, लिहिताना मात्र आधी ३ आणि मग २. त्यामुळे अनेक मुले ३२ ऐवजी २३ लिहितात. हा मुलाचा निष्काळजीपणा नव्हे. 'एकोणीस' म्हणजे विसाला एक उणे, तसेच पुढे एकोणतीस, एकोणचाळीस; हेही मुलाला सांगावे लागते. ही अडचण ध्यानात घेऊनच बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धतही दिली गेली. घरी तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या पेंढ्या बांधून "तीन पेंढ्या आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे बत्तीस" असे दाखवल्यास हा गोंधळ होत नाही. मात्र वीसपर्यंतचे मोजणे पक्के झाल्यावरच हे घ्यावे.

वाचनाची सुरुवात कानापासून

वाचन अक्षरांपासून सुरू होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते ऐकण्या-बोलण्यापासून सुरू होते. ज्या मुलाला भरपूर शब्द माहीत आहेत आणि शब्दातील आवाज वेगळे ओळखता येतात, ते अक्षरे लवकर शिकते. त्यासाठी पुढील खेळ घ्यावेत.

१) टाळ्यांचा खेळ : शब्द फोडून टाळ्या वाजवाव्यात. बै-ल दोन टाळ्या, वा-स-रू तीन, भु-ई-मू-ग चार.

२) पहिला आवाज : 'क'चे शब्द शोधावेत. कापूस, कणीस, कुदळ, कोंबडी. शेताच्या वाटेवर हा खेळ चांगला रंगतो.

३) गोष्टी आणि कोडी : आजी-आजोबांनी रोज एक गोष्ट सांगावी. आजीला लिहिता-वाचता येत नसले तरी काही बिघडत नाही. गोष्ट मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाकडून ऐकावी.

मुलाशी घरच्या बोलीतच बोलावे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोरमाटी, गोंडी, कोरकू, कोणतीही बोली अशुद्ध नसते. वऱ्हाडातील मूल 'डोया' म्हणाले तर हसू नये. "आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात" एवढे सांगितले की पुरे. बोलीवरून हिणवलेले मूल वर्गात तोंड उघडत नाही.

अक्षरओळख

अ पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नये. प्रथम मुलाचे स्वतःचे नाव दप्तरावर, पाटीवर लिहून ओळखायला शिकवावे. त्यानंतर र, न, क, म, त, ग ही सहा अक्षरे आणि काना घ्यावा. एवढ्यावर रान, मका, कान, नाक, नाग, काम, तार, गरम, नरम असे ओळखीचे शब्द वाचता येतात आणि आपल्याला वाचता येते हा विश्वास मुलाला मिळतो. घ-ध, भ-म, प-ष, ब-व ही दिसायला सारखी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत.

चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद पुरेशी आलेली नसते. शेंगा सोलणे, कणकेचे गोळे करणे, फुले ओवणे यांनी बोटे तयार होतात. अक्षरे आधी ओल्या मातीत किंवा वाळूत बोटाने काढावीत, मग पाटीवर आणि शेवटी वहीत.

एसटीची पाटी, दुकानाचा फलक, खताच्या गोणीवरील नाव दाखवून वाचावे. दिनदर्शिकेवर पोळ्याला किती दिवस राहिले ते रोज मोजावे. कीटकनाशकाचे डबे, बाटल्या मात्र रिकाम्या असल्या तरी मुलांपासून दूर ठेवाव्यात. कवटीचे चित्र म्हणजे विष, हे शिकवावे. पण चित्र नसले तरी फवारणीच्या कोणत्याही औषधाला हात लावायचा नाही, हेही पक्के करावे.

वेळ कसा काढावा?

सुगीच्या दिवसांत स्वतंत्र वेळ मिळत नाही, हे खरे आहे. म्हणून कामातच वेळ धरावा. स्वयंपाकाच्या वेळी ५ मिनिटे मोजणे, शेताच्या वाटेवर ५ मिनिटे शब्दांचे खेळ आणि झोपताना १० मिनिटे गोष्ट किंवा चित्रांचे पुस्तक, एवढे रोज झाले तरी पुरेसे आहे. हे काम एकट्या आईवर टाकू नये. वडिलांनीही त्यात वाटा घ्यावा. रडत असताना मोबाइल हाती देण्याची सवय लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली असून त्याहून कमी वेळ अधिक चांगला, असे म्हटले आहे.

पहिलीत जाण्यापूर्वी पडताळा

• स्वतःचे नाव ओळखता येते.
• ऐकलेली छोटी गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येते.
• एकाच आवाजाने सुरू होणारे दोन-तीन शब्द सांगता येतात.
• २० पर्यंतच्या वस्तू न चुकता मोजता येतात.
• सांगितल्याप्रमाणे १० पर्यंत वस्तू मोजून देता येतात.
• कमी-जास्त, लहान-मोठे, आधी-नंतर कळते.

यातील एखादी गोष्ट जमत नसेल तर घाबरू नये. त्याच खेळाचा सराव वाढवावा. मूल हाकेला ओ देत नसेल, फार जवळून पाहत असेल किंवा वयाच्या मानाने फारच कमी बोलत असेल तर मात्र वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला अवश्य पाठवावे आणि आपली शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. ऐकू येण्यात किंवा दिसण्यात दोष असेल तर तो जितक्या लवकर कळेल, तितका उपचार सोपा होतो.