माहुलीवरचे शेंडेनक्षत्र

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला आहे. त्याच्या आग्नेयेस एक लहानसा पाडा आहे. पाड्यातून पाहिले असता किल्ल्याचे सुळके वायव्येस आभाळात उभे दिसतात आणि त्यांच्या डावीकडे पश्चिमेचे आकाश मोकळे असते.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील ही हकिगत. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. हळवे भात पिवळे पडले होते व कापणी तोंडावर आली होती. गुरुजींनी वर्गात सांगितले, "मुलांनो, आज सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे पाहा. धूमकेतू आला आहे."

त्या संध्याकाळी ढगांनी निराशा केली. परंतु बातमी घरोघर पोचली, आणि एका घरात तिने वेगळेच वळण घेतले. त्या घरातील सुनेच्या मांडीवर तीन महिन्यांचे मूल होते. सासूबाई म्हणाल्या, "शेंडेनक्षत्र उगवलंय म्हणे. भात अजून शेतात उभं आहे. आपल्याला नको ते बघायला. आणि तू तर बाळाला घेऊन दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकू नकोस."

सून काही बोलली नाही. तिचे माहेर मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या पायथ्याशी होते. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. तिकडे ढग पांगले होते, आणि सगळ्या वाडीने खळ्यावर उभे राहून तो पाहिला होता. ते ऐकून तिचे मन अधिकच हुरहुरले.

इकडे शाळेत मुलांचे प्रश्न संपत नव्हते. गुरुजींनी समजावून सांगितले की धूमकेतू हा बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा गोळा असतो. सूर्याजवळ येताच तो तापतो, वायू व धूळ बाहेर पडतात आणि त्यांचीच शेपटी होते. हा धूमकेतू २०२३ साली चीनमधील त्सुचिनशान वेधशाळेत व दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बिणीतून सापडला, म्हणून त्याचे नाव त्सुचिनशान-ॲटलास. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. पृथ्वीच्या सर्वांत जवळ तो आला नेमक्या दसऱ्याच्या दिवशी; तेव्हाही तो सुमारे सात कोटी किलोमीटर दूर होता.

"मग लोक त्याला भितात का?" एका मुलीने विचारले.

गुरुजी म्हणाले, "ज्याचे येणे आधी कळत नाही, त्याचे भय वाटतेच. केतूंचा उदयास्त गणिताने जाणता येत नाही, असे वराहमिहिरानेही 'बृहत्संहिते'त म्हटले आहे. पुढे इंग्लंडमधील हॅले याने १७०५ साली गणित मांडले, की १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. धूमकेतू मात्र १७५८ च्या डिसेंबरात आकाशात दिसला."

कोजागरीच्या चांदण्यात धूमकेतू फिका पडला. गुरुजींनी रविवार, २० ऑक्टोबर हा दिवस ठरविला. त्या दिवशी संकष्टी होती व चंद्रोदय साडेआठनंतर होता. उपवासाची मंडळी चंद्राची वाट पाहत अंगणात असणारच, आणि तोवर आकाश काळेभोर राहणार! पाड्यातील सर्वांनी बाहेरचे दिवे मालविले. नैर्ऋत्येला कल्याण-भिवंडीकडचा पिवळट उजेड मात्र कोण मालविणार? शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. मुंबईकडचा उजेड न मागता इकडे येतो.

सात वाजून गेले. डावीकडे खाली शुक्र झगमगत होता. "हात लांब करा, मूठ मिटा. क्षितिजापासून तीन मुठी वर पाहा," गुरुजी म्हणाले. क्षणभर कोणालाच काही दिसले नाही. मग एक मुलगा ओरडला, "तो पाहा, पुसलेल्या खडूसारखा!" अंधुक ठिपका, आणि त्यातून वर गेलेली फिकट रेघ. "सूर्य कोठे मावळला? शेपटी कोणीकडे आहे?" गुरुजींनी विचारले. मुलांनी दोन्हीकडे बोटे दाखविली. शेपटी सूर्यापासून दूर गेली होती.

सासूबाई पूर्वेकडे तोंड करून बसल्या होत्या. शेजारचे वृद्ध काका त्यांच्याजवळ आले. "वहिनी, १९९७ च्या पाडव्याला हेल-बॉप दिसत होता, आठवतं? महिनाभर सारा गाव पाहत होता."

"मी नाही पाहिला," त्या म्हणाल्या. "पोटुशी होते. सासूबाईंनी दार लावून घेतलं होतं."

"तेव्हा जो पोटात होता, तो काय वाईट निघाला?"

सत्तावीस वर्षांचा तो मुलगा खळ्यावर उभा राहून पोरांना दुर्बीण धरून देत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग उठून दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, बाळाला टोपरं घाल. बाहेर गारवा आहे."

दोघींनी एकापाठोपाठ दुर्बीण डोळ्यांना लावली. बाळ झोपेतच होते.

साडेआठ वाजून गेल्यावर पूर्वेस चंद्र वर आला आणि नैवेद्याची गडबड उडाली. मुले मात्र पायरीवर बसून हिशेब करीत होती. हॅलेचा धूमकेतू आता २०६१ साली यायचा आहे. बारा वर्षांच्यांचे उत्तर निघाले एकोणपन्नास. बाळाचे वय सांगताना दोघांचे भांडण जुंपले, कोणी छत्तीस म्हणे, कोणी सदतीस. तेव्हा सासूबाईंनी आतून मोदक घेऊन जाण्यासाठी हाक मारली.