डीएनएचा दोरा आणि पॉलिमरचे रीळ

साबणाच्या रेणूचे डोके जलस्नेही आणि शेपटी जलविरोधी असते, हे तुम्ही शिकला आहात. पाण्यात असे पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत व डोकी बाहेर अशी सूक्ष्म गोळी बनते. हीच मायसेल.

आता साबणाऐवजी पॉलिमरची, म्हणजे बहुवारिकाची लांब साखळी घ्या. तिचा एक खंड जलविरोधी व दुसरा पाण्यात धनभारित होणारा असेल, तर तिचीही मायसेल बनते. तिचा व्यास काही दशक नॅनोमीटर असतो आणि धनभारित खंड केसांसारखे बाहेर पसरलेले असतात.

या द्रावणात डीएनए घातला तर तो मायसेलला चिकटतो. का? डीएनएच्या दोन धाग्यांवर मिळून दर ०.३४ नॅनोमीटरला दोन ऋणभार असतात, आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, असे तुम्ही चटकन सांगाल. उत्तर बरोबर, पण अपुरे! डीएनए पाण्यात एकटा नसतो. त्याच्याभोवती सोडियमच्या आयनांची, तर मायसेलभोवती क्लोराइडच्या आयनांची दाटी असते. दोघे चिकटले की हे आयन मोकळे होऊन द्रावणभर विखुरतात. त्यामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा वाढतो, आणि या बंधामागे मोठा वाटा त्याचाच असतो. पडताळा घ्यायचा तर द्रावणात मीठ वाढवत जावे. मुळातच आयनांनी गजबजलेल्या पाण्यात आणखी आयन सुटून फारसा लाभ होत नाही. पकड सैल होते आणि डीएनए सुटू लागतो.

आपल्या पेशीतही असेच रीळ आहे. हिस्टोन प्रथिनांच्या धनभारित गाभ्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या सुमारे पावणेदोन वेढे घेतात. पेशीतला दोन मीटर डीएनए इवल्याशा केंद्रकात मावतो, त्याची सुरुवात या वेढ्यांपासून होते.

हा खटाटोप मुख्यतः जनुकोपचारासाठी चालतो. रक्तात उघड्या डीएनएचे विकरे तुकडे करतात. शिवाय पेशीचा पृष्ठभागही ऋणभारितच, तो डीएनएला दूर लोटतो. धनभारित मायसेलवर बसून डीएनए आत शिरू शकतो. पण तोच धनभार जास्त झाला तर पेशीपटल फाडतो आणि रक्तातली प्रथिनेही गोळा करतो. जपानमध्ये हारादा व काताओका यांनी १९९५ साली वेगळी रचना दाखवली: विरुद्ध भारांचे खंड एकमेकांना धरून आत, आणि बाहेर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे भाररहित आवरण. पुढे डीएनएही असाच आत बांधला गेला.

पण आत पोहोचल्यावर गाठ सुटायला हवी, नाहीतर जनुक वाचले जाणार कसे? म्हणून साखळ्यांमध्ये गंधक-गंधक बंध घालतात. रक्तात ते बरेचसे टिकतात; पेशीत ग्लुटाथायोन मुबलक असते, ते हे बंध तोडते.