वऱ्हाडाने पाहिलेला इशारा : महासंकटाचे मोजमाप आणि निवारण

नापिकी, पूर, आग ही संकटे आपल्या ओळखीची आहेत. काही संकटे मात्र शतकातून एखाद्या वेळी येतात आणि अवघ्या मानवजातीची परीक्षा घेतात. ती दुर्मीळ असतात म्हणून विसरली जातात आणि विसरली जातात म्हणूनच अधिक घातक ठरतात.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. भूगोलात १९२१ ला ‘महाविभाजन वर्ष’ म्हणतात, हे आपण परीक्षेसाठी पाठ केले. त्या शब्दामागे ओस पडलेली घरे आहेत, हे आपल्याला कोरोनाकाळातच उमगले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये साथ ओसरली, असे देशभर मानले जात होते. तेव्हाच अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागली; अकोल्यासह विभागातील इतर जिल्ह्यांतही निर्बंध आले. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूचे दुहेरी उत्परिवर्तन आढळल्याचे जाहीर केले. मे महिन्यात देशातील दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांवर गेली. वऱ्हाडाचा इशारा आणि देशव्यापी हाहाकार यांत काही आठवडे होते. प्राणवायू, खाटा व लसीकरण यांच्या तयारीसाठी ते आठवडे अमूल्य होते.

मग अशा धोक्याचे मोजमाप कसे करावे? तीन प्रश्न विचारावेत : तो येण्याची शक्यता किती? आल्यास हानी किती? आपली तयारी किती? एखाद्या साथीची शक्यता दरवर्षी शंभरात एक धरली, तर ती नगण्य वाटते. परंतु सत्तर वर्षांच्या आयुष्यात ती एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. म्हणजे आज वसतिगृहात असलेल्या प्रत्येक मुलाने हा धोका आपल्या आयुष्यातला मानला पाहिजे.

निवारणाचे गणितही सोपे आहे. एकाकडून दोघांना, दोघांकडून चौघांना, असा रोग पसरत गेला तर दहाव्या पायरीवर संख्या १,०२४ होते. दुसऱ्याच पायरीवर तो ओळखला, तर चौघांची काळजी पुरते. देवीच्या रोगाचे उच्चाटन याच तत्त्वावर झाले : रुग्ण शोधणे, त्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या भोवतालच्यांना लस देणे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीमुक्त जगाची घोषणा केली. महासंकट अटळ नसते, याचा याहून मोठा पुरावा नाही.

निवासी शाळेत मुले एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. म्हणून तापाची दैनंदिन नोंदवही, आजारी मुलासाठी हवेशीर स्वतंत्र खोली, हात धुण्याची सोय आणि लसीकरणाची अद्ययावत यादी या गोष्टी आम्ही पाठ्यपुस्तकाइतक्याच आवश्यक मानतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक वा ग्रामसेवक आहेत, त्यांनी आपापल्या गावी अशी एक तरी नोंदवही सुरू करावी. पुढचा इशारा कदाचित एखाद्या छोट्या गावातूनच येईल. तो वाचणारा माणूस तिथे हजर असला पाहिजे.