कलप आणि कातडीची चाचणी



ऊस विकास खात्याने केसांच्या कलपावर लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण असे की, मागच्या लग्नसराईत आमचे एक सभासद गट ऑफिसात आले, ते डोळे मिटलेले, कान सुजलेले आणि कपाळातून पाणी झिरपते आहे, अशा अवस्थेत. फडात काही चावले असेल, असे आम्हांला वाटले. पण लेकीच्या लग्नासाठी त्यांनी कलप लावला होता. पुडीवरची सूचना वाचून हातावर चाचणीही घेतली होती. दुसऱ्या दिवशी काही दिसले नाही, म्हणून डोक्याला लावला. मग चुकले कुठे?

बहुतेक काळ्या कलपात पॅरा-फेनिलीन-डायअमाईन हे रसायन असते. पहिल्या खेपेला ते बहुधा काही करीत नाही. पण काहींचे शरीर ते ओळखून ठेवते आणि पुढच्या एखाद्या खेपेला बिथरते. म्हणून "दहा वर्षं लावतोय, काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या मालातही पुष्कळदा हेच रसायन असते.

आपल्या देशातील नियमांप्रमाणे अशा कलपासोबत चाचणीची सूचना द्यावी लागते : कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून २४ तास पाहावे. परंतु ही खाज लगेच उठतेच असे नाही. दोन, तीन, चार दिवसांनीही उठते. आमच्या सभासदांचे तेथेच चुकले. उगवण सावकाश होणारे बियाणे आठव्या दिवशी पाहून नापास करावे, तसलाच हा प्रकार. फक्त येथे उलटे, घाईने पास केले.

डॉक्टरांची चाचणी निराळी असते. १८९५ साली याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी ही पद्धत मांडली. पाठीवर लहान डब्यांतून मोजके औषध चिकटवतात. कलपाच्या रसायनाचे प्रमाण बहुधा मलमात १ टक्का. ४८ तासांनी पट्टी काढून पाहतात, पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास, कधी सातव्या दिवशीही. मध्यंतरी पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम नाही. तेव्हा ऐन तोडणीत ही चाचणी ठेवू नये.

ही चाचणी सुरक्षित आहे काय? जाणकाराच्या हाती, बहुतांशी होय. त्या जागी खाज, लाली, क्वचित फोड येतो. डाग काही काळ राहतो. फार क्वचित चाचणीमुळेच नवी ॲलर्जी जडते व दहा-पंधरा दिवसांनी ती जागा उठते. म्हणूनच प्रमाण मोजके ठेवतात. घरी मात्र हे मोजमाप नसते. नवे तणनाशक आपण आधी दोन सऱ्यांवर पाहतो, ते बरोबरच. पण त्या दोन सऱ्याही जळू शकतात, हे विसरू नये.

गाजर गवताचेही असेच आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या बाजूला दिसलेल्या या गवताने अनेकांच्या कातडीला कायमचा त्रास दिला. त्याचीही चाचणी डॉक्टर विरल अर्काने घेतात. पाला हातावर चोळून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये.

ध्यानी ठेवावे :

१. पूर्वी एकदाही कलपाने किंवा काळ्या मेंदीने खाज-सूज आली असेल, तर घरी चाचणी नको. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी चौकशी करावी.

२. इतरांनी पुडीवरील रीतीनेच, थोडा कलप लावावा. वर पट्टी बांधू नये. धुतल्यावरही दोन-तीन दिवस जागा पाहावी.

३. जखम, इसब असलेल्या जागी चाचणी नको. भुवया व पापण्यांना कलप कधीच नको. दृष्टी जाऊ शकते.

४. चाचणीत काही आले नाही, तरी ती जन्मभराची हमी नव्हे.

५. जीभ, ओठ सुजले किंवा दम लागला, तर थांबू नये. तातडीने दवाखाना गाठावा.

आमचे ते सभासद बरे झाले. लग्नात पांढऱ्या केसांनीच उभे राहिले, आणि कोणी नाव ठेवले नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी, विटा