दाण्याचें वजन आणि दाण्याचें सत्त्व

खळ्यावर रास पडली म्हणजे शेतकरी प्रथम पाहतो तें वजन. एकरीं किती पोतीं उतरलीं व बाजारांत काय भाव मिळाला, एवढ्यावर हंगामाचा हिशेब संपतो. दाण्याच्या पोटांत काय आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कारण दाणा भरला म्हणजे त्यांत सत्त्वही भरलें, अशी आपली पिढीजात समजूत आहे. बदलत्या हवामानांत ही समजूत पुरी पडणार नाहीं, हें वाचकांच्या नजरेस आणावें एवढाच आमचा हेतु आहे.

कोळसा व खनिज तेलें जाळल्यामुळें हवेंतील कर्बाम्ल वायु, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, सारखा वाढत आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें २८० भाग होता; आज तो ४२० च्या वर गेला आहे. तो ५५० च्या आसपास गेल्यास पिकें कशीं येतील हें पाहण्यासाठीं जपान, आस्ट्रेलिया व अमेरिका येथें उघड्या शेतांत सभोंवार नळ्या बसवून, त्यांतून हा वायु सोडून पिकें वाढविण्यांत आलीं. त्यांचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. नेहमींच्या हवेंतील पिकाशीं ताडून पाहतां गव्हांत जस्त सुमारें ९ टक्के, प्रथिनें ६ टक्के व लोह ५ टक्के कमी भरलें. भातांत प्रथिनें जवळजवळ ८ टक्के, लोह ५ टक्के व जस्त ३ टक्के घटलें. पुढें २०१८ सालीं चीन व जपान येथील भाताच्या १८ वाणांच्या परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत ब वर्गांतील कांहीं जीवनसत्त्वेंही घटलेलीं दिसलीं.

हा वायु तर वनस्पतीचें अन्नच. तें अधिक मिळाल्यावर दाणा निकस कां व्हावा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, पानें या वायूपासून साखर व पिष्ट तयार करितात. वायु मुबलक झाला म्हणजे पिष्ट वाढतें. परंतु नत्र, लोह व जस्त हीं मुळांनीं जमिनींतून आणावयाचीं असतात, तीं त्या मानानें वाढत नाहींत. शिवाय पानांवरील सूक्ष्म छिद्रें कमी उघडतात, पाणी कमी उडतें, आणि पाण्याबरोबर मुळांकडे वाहून येणारीं द्रव्येंही कमी येतात. दुधांत पाणी घातल्यानें माप वाढतें, पण साय धरत नाहीं. तसाच हा प्रकार होय.

एवढ्या थोड्या घटीनें काय बिघडतें, असें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या घरांत दूध, भाजी वा अंडीं रोज मिळत नाहींत, तेथें लोह व जस्त बहुतेक धान्यांतूनच मिळावयाचें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें ५४ टक्के रक्तक्षयानें पीडित आढळल्या. याचीं कारणें अनेक आहेत. पण जेथें आधींच तूट, तेथें अन्नांतून आणखी तूट पडणें परवडणारें नाहीं. आणि ही तूट भुकेनें कळत नाहीं. पोट भरतें, अंगीं मात्र लागत नाहीं.

यांत समाधानाची गोष्ट ही कीं, ज्वारी, बाजरी व मका यांचीं पानें हा वायु आधीं आपल्या ठायीं एकवटून मग वापरतात. म्हणून हवेंतील वाढीचा त्यांवर परिणाम कमी होतो. वरील प्रयोगांत ज्वारी व मका यांची घट गव्हा-भाताच्या मानानें थोडी दिसली. पोळी-भाताच्या मोठेपणापायीं आपण मागें सारलेली भाकरी या बाबतींत अधिक भरंवशाची ठरते.

आतां आपल्या हातीं काय आहे, तें सांगतों.

(१) घरखर्चापुरती तरी ज्वारी-बाजरी राखावी. लोह अधिक असलेली 'धनशक्ति' बाजरी व २०१८ सालीं प्रसृत झालेली 'परभणी शक्ति' ज्वारी हे वाण आपल्याच प्रांतांत उपलब्ध झाले आहेत.

(२) माती तपासून जस्ताची उणीव दिसल्यास झिंक सल्फेट जमिनींत द्यावें. स्फुरदाच्या खतांत मिसळूं नये. उभ्या गव्हावर फवारावयाचें झाल्यास १०० लिटर पाण्यास अर्धा किलो झिंक सल्फेट व पाव किलो विरविलेला चुना घेऊन, मिश्रण गाळून, पीक पोटरींत असतां व पुन्हा दाणा चिकांत असतां सायंकाळीं फवारावें.

(३) शेणखत सोडूं नये व फेरपालटांत कडधान्य ठेवावें. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र घेतात, त्यामुळें त्यांतील प्रथिनें फारशीं घटत नाहींत.

(४) तांदूळ अति पांढरा सडूं नये. हवेनें कमी केलेलें जीवनसत्त्व गिरणींत आणखी कां दवडावें?

बियाणें निवडतांना उताऱ्याबरोबर सत्त्वाचीही चौकशी करण्याची संवय आमच्या शेतकरीबंधूंनीं लावून घ्यावी. विकावयाच्या धान्याचा हिशेब तराजू करील; घरीं ठेवावयाच्या धान्याचा हिशेब मुलाबाळांच्या अंगावर दिसतो, हें विसरूं नये.