तबकडीला काय लावावं आणि काय लावू नये

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतीलच. पण लेख ज्या चुकीवर आहे ती आता कुणालाच सुधारता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आजोबांकडे गेले होते. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे, पन्नासेक एलपी आहेत आणि ७८ आरपीएमच्या थोड्या जुन्या तबकड्या. त्यातली बालगंधर्वांची एक माझ्या पणजोबांनी घेतलेली. तिच्यावर बुरशीचे पांढरे डाग होते. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही बाजारातून येईपर्यंत चकाचक करून ठेवते. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला लागले. कापूस काळाकुट्ट! मला वाटलं, केवढा हा मळ. तो मळ नव्हता, तबकडीच होती.

मित्रांनो, फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय, लाकडाला पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. ७८ ची तबकडी त्याच लाखेची असते, म्हणजे लाख आणि त्यात दगडाची बारीक पूड. एलपी आली १९४८ मध्ये, ती व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीच्या जातीची. दिसायला दोन्ही काळ्या आणि गोल, पण मटेरियल पूर्ण वेगळं. एवढं मला परीक्षेत विचारलं असतं तर लिहिता आलं असतं.

होस्टेलवर परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. तबकडी टिकावी म्हणून लावायची द्रव्यं परदेशात बाटलीत मिळतात, सुईच्या टोकाला लावायची वेगळी. घर्षण कमी होतं, झीज कमी होते, असा दावा असतो. तो तपासायला थोडं गणित करू. सुईचा भार १.५ ग्रॅम धरा. खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशात, म्हणून प्रत्येकीवर साधारण ०.०१ न्यूटन. टेकण्याची जागा ५० चौरस मायक्रॉन धरली (हा आकडा माझा अंदाजाचा) तर दाब येतो २०० मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन हजार पट! पीव्हीसीची ताणशक्ती ५० च्या आसपास. मग खाच फाटत कशी नाही? कारण व्हिनाइल दबतं, टेकण्याची जागा वाढते आणि सुई पुढे गेली की ते बरंचसं परत वर येतं. पण एवढ्या दाबाखाली मध्ये धुळीचा कण आला तर तो भिंतीत रुततो, आणि तो ‘टक्’ आवाज कायमचा. म्हणून माझं मत असं, की आधी धूळ, मग बाकीचं. धुळीवर वंगण चढवलं तर त्याची खळ होते आणि ती सुईला चिकटते. आमच्या विंगमधल्या एकीने एलपीवर सिलिकॉनचा स्प्रे मारला होता, तिच्या सुईवर दोन गाण्यांत बोंड जमलं.

व्हिनाइलवर धूळ बसते ती मुख्यतः स्थिर विजेमुळे. कागदी पाकिटातून तबकडी ओढली की चार्ज तयार होतो. त्यासाठी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. फारच घाण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं आणि लेबल कोरडं ठेवायचं. आपल्या होस्टेलचं बोअरचं पाणी अजिबात नको. त्याने बादलीवर जे पांढरं थर बसतात तेच खाचेत बसतील. आणि तबकड्या उभ्या ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर कुठलंच औषध नाही, वाकलीच समजा.

सुई साफ करताना मऊ ब्रश मागून पुढे ओढायचा, उलटा कधीच नाही. द्रव लावलंच तर टोकापुरतं. ते दांडीवरून वर चढलं तर हिरा बसवलेला गोंद आणि आतलं रबर, दोन्ही बिघडू शकतात. आणखी एक, एलपीच्या सुईचं टोक १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८ ला साधारण ७५ लागतं. बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी कचऱ्यात चालते, मग आपण म्हणतो रेकॉर्डच खराब. पूर्वीच्या पोलादी पिना तर एका बाजूला एक अशा वापरून टाकायच्या. तबकडीतली ती दगडाची पूडच पिनेला घासून खाचेच्या आकाराची करायची. तिथे वंगणाचा प्रश्नच नव्हता.

आजोबा आले, त्यांनी तबकडी उजेडात धरली. जिथे माझा बोळा फिरला होता तिथली चकाकी गेली होती. लावली तर पहिला मिनिटभर नुसती खरखर, मग लांबून आल्यासारखा आवाज. आजोबा रागावले नाहीत. “दुसरी बाजू राहिलीय ना बाळ,” म्हणाले आणि त्यांनी तबकडी उलटी केली.

ती बाजू चांगली वाजते. डाग आहेत तसेच आहेत, मी फक्त कोरडा ब्रश फिरवते.